स्थलांतराच्या बातमीतला आकडा कुणी मोजला?

ओवी_एडिसन

गेल्या रविवारी रात्री लेकीची शाळेतल्या वादस्पर्धेची तयारी चालली होती. विषय होता, अमेरिकेत बाहेरून येणाऱ्यांची संख्या कमी करावी की नाही. कुठल्या बाजूनं बोलायचं ते ऐन वेळी चिठ्ठी काढून ठरणार, म्हणून तिनं दोन्ही बाजू लिहून ठेवल्या होत्या. टेबलावर दोन कागद. एकावर गुलाबी हायलायटर मारलेलं वाक्य: बेकायदा स्थलांतरितांपायी देशाला वर्षाला १५०.७ अब्ज डॉलरचा निव्वळ भुर्दंड पडतो. दुसऱ्यावर हिरवा हायलायटर: फॉर्च्युन ५०० या अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या कंपन्यांच्या यादीतल्या ४० टक्क्यांहून जास्त कंपन्या स्थलांतरितांनी किंवा त्यांच्या मुलांनी काढल्या. दोन्ही वाक्यं बातम्यांतून उचललेली आणि दोन्हीकडे 'एका अभ्यासानुसार' एवढंच.

मी पोळ्या करत होते. सहज विचारलं, "अभ्यास केला कुणी?" तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि हिरवा आकडा तर मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दोनदा पुढे पाठवलेला. गॅस बंद करून दोघी बसलो, उठलो तेव्हा साडेबारा वाजले होते.

गुलाबी आकडा 'फेअर' या संस्थेच्या २०२३ च्या अहवालातला. पूर्ण नाव फेडरेशन फॉर अमेरिकन इमिग्रेशन रिफॉर्म. मिशिगनमधले डोळ्यांचे डॉक्टर जॉन टँटन यांनी ती १९७९ साली काढली. स्थलांतर कमी व्हावं हेच तिचं काम. हिरवा आकडा २०११ चा, 'पार्टनरशिप फॉर अ न्यू अमेरिकन इकॉनॉमी' या गटाचा. हा गट २०१० मध्ये न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग आणि रूपर्ट मरडॉक यांनी उद्योगपती आणि महापौर जमवून उभा केला, तो स्थलांतराच्या बाजूनं. हे मरडॉक म्हणजे फॉक्स न्यूजचेच. त्यांच्या वाहिनीवरचे निवेदक रोज रात्री जे सांगायचे त्याच्या बरोबर उलट बाजूनं ते स्वतः अमेरिकी संसदेत साक्ष देऊन आले होते.

मग मोजलं कसं ते बघितलं. फेअरच्या खर्चात बेकायदा आलेल्यांच्या अमेरिकेतच जन्मलेल्या, म्हणजे जन्मानं नागरिक असलेल्या मुलांच्या शाळेचा खर्चही धरलाय. हिरव्या आकड्यातल्या २०४ कंपन्यांपैकी ९० स्थलांतरितांनी काढलेल्या आणि ११४ त्यांच्या मुलांनी. त्यात प्रॉक्टर अँड गँबल आहे, १८३७ सालची. एक संस्थापक इंग्लंडहून आलेला, दुसरा आयर्लंडहून. परदेशी कुशल नोकरदारांना एच-वन-बी हा कामाचा व्हिसा द्यावा की देऊ नये याबद्दल १८३७ ची साबणाची कंपनी काय सांगणार?

माझं डोकं अडकलं ते इथे. स्थलांतरिताचं मूल शाळेत बसलेलं असतं तेव्हा एका बाजूनं ते खर्चात धरायचं. तेच मोठं होऊन कंपनी काढतं तेव्हा दुसऱ्या बाजूनं ते कमाईत धरायचं. नॅशनल अकॅडमीज या अमेरिकेतल्या विज्ञानसंस्थेचा २०१६ चा मोठा अहवाल आहे, त्यात हे दोन्ही टप्पे एकत्र मांडलेत: पहिल्या पिढीचा राज्यांवर बोजा पडतो, मुख्यतः मुलांच्या शिक्षणाचा, आणि तीच मुलं मोठी झाली की सरकारी तिजोरीत सगळ्यांत जास्त भर घालणाऱ्यांत असतात. पण हे वाक्य लांब आहे. मथळ्यात मावत नाही.

खोटं बोलणं हे लॉबीचं मुख्य काम नव्हे, असं मला आता वाटतं. तिचं काम म्हणजे सगळं तयार ठेवणं. तयार आकडा, तयार तज्ज्ञ, फोन केला की दहा मिनिटांत तयार वाक्य. सेंटर फॉर इमिग्रेशन स्टडीज ही १९८५ ची संस्था फेअरमधूनच निघाली. तिनं अनेक वर्षं पत्रकारांना स्थलांतरावरच्या वार्तांकनासाठी पुरस्कार दिले. फेअर रेडिओवरच्या निवेदकांना वॉशिंग्टनला बोलावून एका दालनात ओळीनं टेबलं मांडून देते आणि खासदार एका माइकवरून दुसऱ्या माइककडे जातात. 'नंबर्स यूएसए' ही तिसरी संस्था, तिच्याही उभारणीत टँटन यांचा हात. म्हणजे एकाच बातमीत दोन वेगळे तज्ज्ञ दिसतात तेव्हा ते एकाच घरातले असू शकतात. या घराला मोठा पैसा मेलन घराण्याच्या वारसदार कॉर्डेलिया स्केफ मे यांचा. २००५ मध्ये त्या गेल्या, तरी त्यांच्या कोलकॉम फाउंडेशनमधून तो येत राहिला.

ग्रीन कार्डाच्या रांगेतला आमचा प्रायॉरिटी डेट, म्हणजे नंबर लावल्याची तारीख, २०१६ चा, ईबी-२ या नोकरीवरच्या गटातला. लेक पुण्यात जन्मली, तिसऱ्या वर्षी इथे आली. २१ व्या वाढदिवसापर्यंत डेट करंट झाला नाही, म्हणजे आमची पाळी आली नाही, तर ती आमच्या अर्जातून बाहेर पडेल. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी वर्तमानपत्रातला नाही. इथे वर्तमानपत्रांत काम केलेली मंडळी आहेत. बातमी आत कशी तयार होते ते लिहाल का?

रात्रपाळी

ओवीताई, मी ३१ वर्षं मराठी दैनिकांत डेस्कवर काढली, त्यातली बरीचशी परदेशाच्या पानावर. कुठलं दैनिक ते विचारू नका.

रात्रीचे साडेअकरा. पान सोडायला पाऊण तास. एजन्सीची इंग्रजी कॉपी साडेचारशे शब्दांची आणि पानावर जागा दोनशेची. काय कापणार? मथळ्यातला आकडा राहतो, कारण त्याच्यासाठीच बातमी घेतलेली. पहिलं अवतरण राहतं. 'ही संस्था स्थलांतरावर निर्बंध घालावेत अशी मागणी करते' हे वाक्य चौथ्या-पाचव्या परिच्छेदात असतं. ते जातं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं त्याच्याही खाली, तेही जातं.

आणि आता एक सांगतो, जे माझ्या मनात पुष्कळ वर्षं आहे. 'सेंटर फॉर इमिग्रेशन स्टडीज' याचं मराठी मी काय करत होतो? 'स्थलांतर अभ्यास केंद्र'. वाचणाऱ्याला वाटणार एखाद्या विद्यापीठाचा विभाग असेल. मीच ते नाव तसं रूढ केलं आमच्या पानावर, आणि नव्या मुलांना शिकवलंही की संस्थांची नावं मराठीत द्या. एका शब्दाची भर घातली असती, 'स्थलांतरविरोधी', तर चित्र बदललं असतं. पण ती संस्था काय आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. शोधायला हवं होतं. नाही शोधलं.

लॉबी डेस्कवर कुणाला पैसे देत नाही. तिला आमच्या घड्याळाची माहिती असते, बस.

खडकवासला

लेख चांगला, पण मला थोडा एकांगी वाटतो. लॉबी करणं हा अमेरिकेत कायदेशीर हक्क आहे आणि आपल्या लोकांनी तो वापरला म्हणून आपण तिथे आहोत. १९१७ पासून भारतीयांना दार बंद होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांना नागरिकत्वही नाकारलं. ते दार उघडलं १९४६ च्या लूस-सेलर कायद्यानं, आणि त्यामागे न्यूयॉर्कमधले व्यापारी जे. जे. सिंग आणि त्यांची इंडिया लीग ऑफ अमेरिका होती. सिंग खासदारांना भेटत, संपादकांना भेटत, पत्रं छापून आणत. कोटा मिळाला वर्षाला फक्त १०० माणसांचा, पण नागरिकत्वाचा रस्ता मोकळा झाला. ती लॉबी चांगली आणि ही वाईट असं कसं म्हणायचं?

ओवी_एडिसन

@खडकवासला, वाईट म्हणत नाही. जे. जे. सिंग स्वतःच्या नावानं, स्वतःच्या लोकांसाठी मागत होते आणि वाचणाऱ्याला ते दिसत होतं. माझी तक्रार 'एका अभ्यासानुसार' या दोन शब्दांबद्दल आहे.

लीड्सकर

इकडे इंग्लंडमध्ये हेच, जरा वेगळ्या तऱ्हेनं. मायग्रेशन वॉच २००१ मध्ये सुरू झाली. सौदी अरेबियात राजदूत असलेले अँड्र्यू ग्रीन आणि ऑक्सफर्डचे लोकसंख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कोलमन यांनी काढली. त्यांनी हळूहळू सगळ्या चर्चेचं माप एकाच आकड्यावर आणून ठेवलं: नेट मायग्रेशन. आले किती वजा गेले किती. २०१० मध्ये डेव्हिड कॅमेरून यांनी तो आकडा एक लाखाच्या खाली आणू असं वचन दिलं आणि मग दर तिमाहीला आकडे आले की सगळ्या पेपरांचा मथळा तोच. पुढे २०२३ च्या जूनअखेरच्या वर्षात तो ९ लाखांच्या वर गेला.

आता या आकड्यात कोण असतं? मी होतो. एक वर्षाच्या मास्टर्सला आलो, फी भरली, तरी मी 'आलेला'. केअर होममध्ये म्हाताऱ्यांना उचलून बसवणारी नाशिकची मुलगी 'आलेली'. युक्रेनमधून जीव वाचवून आलेली बाईसुद्धा 'आलेली'. सगळे एका बेरजेत. आकडा खरा असतो, पण तो कशासाठी मोजलाय हे कुणी विचारत नाही.

ऑक्सफर्डच्या मायग्रेशन ऑब्झर्व्हेटरीनं २०१० ते २०१२ या काळातल्या ब्रिटिश राष्ट्रीय वर्तमानपत्रांतले ४ कोटींहून जास्त शब्द तपासले. 'इमिग्रंट्स' या शब्दाच्या जोडीला सगळ्यांत जास्त वेळा कुठलं विशेषण? 'इल्लीगल'. टॅब्लॉइडमध्येही आणि भारदस्त पेपरांतही. प्रत्यक्षात इथे राहणारे बहुतांश स्थलांतरित कायदेशीर आहेत. हे दोन शब्द इतक्या वेळा शेजारी छापले गेलेत की माझ्या शेजारच्या आजी, ज्या मला दर ख्रिसमसला केक आणून देतात, त्यांनी एकदा काळजीनं विचारलं, तुझे कागद ठीक आहेत ना रे?

सदू_दादरकर

आपल्याकडचं विसरू नका मंडळी. 'मार्मिक' १९६० मध्ये सुरू झालं आणि मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात छापून यायला लागल्या. मथळा 'वाचा आणि थंड बसा'. पुढे तो 'वाचा आणि उठा' झाला. १९६६ मध्ये शिवसेना. माझे वडील तेव्हा नोकरी शोधत होते, ते याद्या मोठ्यानं वाचून दाखवायचे. आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक पालघाटचं कुटुंब होतं, त्यांची मुलं जिन्यात आमच्याशी खेळायची. वडिलांचा राग खोटा नव्हता, नोकऱ्या खरंच मिळत नव्हत्या. पण त्या यादीत नाव असलेल्या माणसानं त्यांची नोकरी घेतली होती का, हे यादीत नव्हतं.

रात्रपाळी

@सदू_दादरकर, बरोबर. फरक एवढाच की तिथे छापणारा कोण आणि त्याला काय हवंय हे पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. कुणाचा अभ्यास आहे असं सांगितलेलं नव्हतं.

तळेगाव_ढमढेरे

आमच्या गावचे विष्णु गणेश पिंगळे शिकायला सिएटलला गेले, गदरमध्ये सामील झाले आणि १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले. गावात हे सगळ्यांना माहीत असतं. ते गेले त्या मुलखात काही वर्षं आधी काय घडलं होतं ते फारसं माहीत नसतं. ४ सप्टेंबर १९०७, वॉशिंग्टन राज्यातलं बेलिंगहॅम. लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांना जमावानं रात्री घराबाहेर काढून गावातून हाकललं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कामगार संघटनांनी १९०५ मध्ये आशियाई लोकांविरुद्ध काढलेल्या लीगचा त्या भागात जोर होता. तिथल्या 'बेलिंगहॅम हेरल्ड'नं मारहाणीला नावं ठेवली, पण हे लोक नागरिक व्हायच्या लायकीचे नाहीत, गेले ते बरंच झालं, असा सूर लावला. मजूर बहुतेक शीख, पेपर सगळ्यांना 'हिंदू' म्हणायचे.

त्याच पेपरनं शंभर वर्षांनी, २००७ मध्ये, आपल्या त्या लिखाणाबद्दल जाहीर माफी मागितली.

खडकवासला

माहितीबद्दल आभार, हे मला नवीन होतं. तरी एक प्रश्न उरतो. लॉबीमुळे लोकांचं मत खरंच बदलतं का? गॅलपच्या पाहणीत २०२४ मध्ये ५५ टक्के अमेरिकन म्हणत होते की स्थलांतर कमी करा. २००१ नंतरचा तो सगळ्यांत मोठा आकडा. एका वर्षात, २०२५ मध्ये, तो ३० वर आला आणि ७९ टक्के लोक म्हणाले की स्थलांतर देशासाठी चांगलं आहे. त्या एका वर्षात फेअर बदलली नाही की कोलकॉमचा पैसा आटला नाही. लोकांनी आधी सीमेवरची गर्दी बघितली, मग शेतांवर आणि दुकानांवर पडलेले छापे बघितले, आणि मत बदललं. लोक इतके भाबडे नसतात.

ओवी_एडिसन

हा मुद्दा मला मान्य आहे आणि म्हणूनच मी आठवडाभर वाचत बसले. मला समजलं ते असं: मत बदलायची गरजच नसते. फोन करणारे लागतात.

जून २००७ चं उदाहरण घ्या. बुश यांचा पाठिंबा असलेलं सर्वंकष स्थलांतर विधेयक सिनेटमध्ये होतं. नंबर्स यूएसएनं आपल्या सभासदांना वेबसाइटवरून फुकट फॅक्स पाठवायची सोय करून दिली होती, एक बटण दाबलं की खासदाराच्या कचेरीत कागद. लाखो फॅक्स गेले. रेडिओवरचे निवेदक फोन नंबर वाचून दाखवत होते. मतदानाच्या दिवशी सिनेटच्या टेलिफोन यंत्रणेला तो भार झेपेना. चर्चा थांबवून मतदान घ्यायच्या ठरावाला ६० मतं लागतात, मिळाली ४६. विधेयक संपलं. देशात त्या बाजूनं बोलणारे कमी नव्हते, पण त्यांनी फोन उचलला नाही.

२०१३ चं विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं, आणि प्रतिनिधिगृहात मतदानालाच आलं नाही. पुढच्या जूनमध्ये एरिक कँटर, सभागृहातले रिपब्लिकनांचे नेते, स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत एका फारशा माहीत नसलेल्या प्राध्यापकाकडून हरले. रेडिओवर त्यांच्याविरुद्ध स्थलांतराचाच विषय लावून धरला होता. त्यानंतर त्या विधेयकाला कुणी हात लावायला धजलं नाही.

डॅलसची_दुपार

मी आयटीत आहे, म्हणून 'आपल्या बाजूच्या' लॉबीबद्दल लिहितो. एप्रिल २०१३ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी फॉरवर्ड डॉट यूएस काढली आणि वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिला. आम्ही ऑफिसात किती खूश झालो होतो! मग कळलं की या संस्थेची एक उपशाखा एका रिपब्लिकन सिनेटरला सावरून घ्यायला तेलाच्या पाइपलाइनच्या बाजूच्या जाहिराती चालवत होती, त्यांत स्थलांतराचं नावही नाही. इलॉन मस्क आणि डेव्हिड सॅक्स महिन्याभरात त्यातून बाहेर पडले.

आणि ते २०१३ चं विधेयक नीट वाचा. एच-वन-बीची संख्या वाढणार होती, पण ज्यांच्याकडे अशा व्हिसाचे कर्मचारी १५ टक्क्यांहून जास्त, त्यांना माणसं क्लायंटकडे बसवता येणार नव्हती. म्हणजे फेसबुकचा फायदा, टीसीएस आणि इन्फोसिसचं नुकसान. नॅसकॉम ही भारतीय आयटी कंपन्यांची संघटना त्या कलमांविरुद्ध धावपळ करत होती. इथे बातमी 'टेक उद्योगाचा विधेयकाला पाठिंबा', तिथे बातमी 'भारतीय आयटीवर घाला'. दोन्ही बातम्या कंपन्यांच्या. नोकरी गेली तर लगेच दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा, ही ज्याच्या डोक्यावर टांगती तलवार होती त्या माणसाबद्दल एकाही बातमीत ओळ नव्हती. कंपनीला आमची संख्या हवी असते. आम्हाला नोकरी बदलायची मोकळीक हवी, ही मागणी तिची नसते.

रानजाई

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते.

सप्टेंबर २०२५ मध्ये नवरा पुण्याला सासऱ्यांच्या श्राद्धासाठी गेला होता. २१ तारखेला सर्वपित्री. १९ ला, शुक्रवारी, एच-वन-बीवर १ लाख डॉलर फीचा जाहीरनामा निघाला. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे शनिवारची पहाट. टीव्हीवर सांगत होते दरवर्षी १ लाख. कंपनीच्या वकिलांचा मेल आला, बाहेर असाल तर शनिवारी मध्यरात्री, रविवार लागताना १२ वाजून १ मिनिटाच्या आत परत या. भारतात तेव्हा रविवार सकाळचे ९.३१. मी फोनवर हिशेब करत होते आणि सासूबाई मागून विचारत होत्या, उद्याचं पान तरी वाढून जाईल ना तो?

नाही वाढलं. तो मुंबईला निघाला. चेक-इनच्या रांगेत असताना बातमी आली की फी एकदाच, फक्त नव्या अर्जांना, आत्ता ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. तरी वकील म्हणाले, निघाच. दिरानं एकट्यानं श्राद्ध केलं.

त्या दोन दिवसांत मी सगळी चॅनेल बघितली. चौकटीत दोघं बसलेले असायचे. एक स्थलांतर कमी करा म्हणणाऱ्या संस्थेचा, दुसरा उद्योगांच्या संघटनेचा. आमच्यातलं कुणी नाही. आणि कुणी विचारलं असतं तर मी तरी गेले असते का? एका स्थानिक वार्ताहरानं आमच्या मंडळाच्या ग्रुपवर विचारलं होतं, नाव छापलेलं चालेल अशी व्यक्ती हवी. दोनशे जणांपैकी एकानंही हो म्हटलं नाही. व्हिसाच्या स्टँपिंगला वकिलातीत जाताना त्यांनी नाव शोधलं आणि लेख निघाला तर? मग त्या वार्ताहरानं बातमी कुणाच्या वाक्यावर केली असेल ते तुम्हीच बघा.

रात्रपाळी

रानजाई, वाचून वाईट वाटलं. त्या मुलानं (किंवा मुलीनं) विचारलं तरी. बहुतेक जण विचारतही नाहीत. नाव न छापता बोलायची सोय असते, पण त्यासाठी संपादकाची परवानगी काढावी लागते आणि वेळ जातो.

कागदपत्र

ज्यांना स्वतः तपासायचंय त्यांच्यासाठी. १९९५ च्या कायद्यानुसार अमेरिकेत नोंदणीकृत लॉबिस्टना दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो: कुणासाठी, कुठल्या विषयावर, किती खर्च. तो सिनेटच्या वेबसाइटवर कुणालाही शोधता येतो. पण अभ्याससंस्था लॉबिस्ट म्हणून नोंदलेली नसेल तर त्यात दिसणार नाही. तिचा फॉर्म ९९०, म्हणजे ना-नफा संस्थांनी करखात्याला द्यायचा वार्षिक अहवाल, बघा. त्यात देणगीदारांची नावं झाकलेली असतात. मग उलट्या बाजूनं जायचं: खासगी फाउंडेशनांना ९९०-पीएफ भरावा लागतो आणि त्यात त्यांनी कुणाला किती अनुदान दिलं ते नावानिशी असतं. कोलकॉमचा पैसा लोकांना असाच कळला. स्थलांतराच्या बाजूच्या संस्थांनाही हीच रीत लावा.

ओवी_एडिसन

@कागदपत्र, अनेक आभार. लेकीला हा प्रतिसाद वाचून दाखवला आणि ती लगेच दोन्हीकडचे फॉर्म शोधत बसली.

वादस्पर्धा काल झाली. चिठ्ठी 'कमी करावी' या बाजूची निघाली. तिनं गुलाबी आकडा वापरला नाही, आणि समोरच्या मुलानं हिरवा वापरला तेव्हा ९० आणि ११४ विचारले. त्याला सांगता आले नाहीत. तिनं भाषणात एकच आकडा ठेवला होता, १ लाख ४० हजार. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वर्षाची मर्यादा, १९९० च्या कायद्यातली. त्यात अर्ज करणाऱ्याबरोबर नवरा-बायको आणि मुलंही मोजली जातात, आणि एका देशाला त्यातला साधारण ७ टक्के वाटा. तिचं म्हणणं होतं, आत घ्यायचे तेवढेच घ्या, पण रांगेत किती उभे करताय ते आधी सांगा. रांगेचं वर्ष विचारलं तेव्हा तिनं आमचंच सांगितलं, २०१६. आमचं आहे हे सांगितलं नाही. बाईंनी पुढे विचारलं, या माहितीचा स्रोत काय. ती म्हणाली, आमच्या घरातली निळी फाइल.